लायपोसक्शननंतर साठणारं पाणी: कोकणात घरी परतलेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लायपोसक्शन, म्हणजे कातडीखालची चरबी नळीने ओढून काढायचं ऑपरेशन, होतं मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोव्यात, आणि चार-पाच दिवसांत माणूस गावी परततो. पाणी साठायला लागतं ते बहुतेक वेळा त्यानंतर. आमच्याकडे ड्रेसिंगला येणारे आणि फोन करणारे बरेच जण याच पेचात असतात: ऑपरेशन केलेले डॉक्टर दूर शहरात, आणि इथे कुणाला दाखवावं हे ठाऊक नाही. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तुमच्या सर्जनने काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

१. पाणी साठतं म्हणजे आत नेमकं काय होतं?

चरबी ओढण्याआधी कातडीखाली भरपूर द्रव सोडतात. त्यात सलाईन, जागा बधिर करणारं लिग्नोकेन आणि रक्तस्राव कमी राहावा म्हणून अ‍ॅड्रेनलीन असतं. यातला काही भाग चरबीबरोबर बाहेर येतो, बराचसा आतच राहतो. शिवाय चरबी काढणारी पोकळ नळी पुढेमागे फिरते तेव्हा बारीक रक्तवाहिन्या आणि लसवाहिन्या (अंगातला जादा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या) तुटतात. कातडी आणि खालचा स्नायू यांच्यामध्ये पोकळी राहिली की झिरपलेला पिवळसर द्रव तिथे जमतो. या साठ्याला सेरोमा म्हणतात.

लहान साठा शरीर आपणहून शोषून घेतं. झिरपणं जास्त आणि शोषणं कमी असं झालं की तो वाढतो. एका वेळी खूप चरबी काढली असेल, वजन बरंच जास्त असेल, साखर आटोक्यात नसेल किंवा तंबाखू चालू असेल तर शक्यता वाढते. पण सगळं पथ्य पाळूनही सेरोमा होतो. तेव्हा ऑपरेशननंतर अंग दाबून धरणारा जो घट्ट पट्टा घालायला देतात, तो "तू नीट बांधला नाहीस" म्हणून घरच्यांनी बोल लावू नये.

२. पहिल्याच रात्री चादर, गादी सगळं लालसर पाण्याने भिजलं. टाके सुटले का?

बहुतेक वेळा नाही. नळी घालण्यासाठी केलेली छिद्रं पुष्कळदा मुद्दाम उघडी किंवा सैल टाके घालून ठेवतात, म्हणजे आत सोडलेला द्रव बाहेर पडावा. तो रक्त मिसळल्यामुळे गुलाबी-लाल दिसतो आणि आहे त्यापेक्षा भयंकर वाटतो. पहिले २४ ते ४८ तास हे चालतं, कधी तिसऱ्या दिवसापर्यंत. गादीवर प्लास्टिक घाला, वर जुने पंचे टाका. जेवढं बाहेर जाईल तेवढं आत कमी राहील.

घट्ट, गडद रक्त येत असेल, गुठळ्या पडत असतील, एकच बाजू टणक होऊन ठणकत असेल किंवा उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर मात्र तो रक्तस्राव असू शकतो. सकाळची वाट न पाहता सर्जनला फोन करा.

३. साधी सूज कोणती आणि सेरोमा कोणता, हे घरी कसं ओळखायचं?

खात्रीने ओळखता येत नाही, अंदाज बांधता येतो. साधी सूज सगळीकडे पसरलेली असते, पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असते आणि मग हळूहळू उतरते. बोटाने दाबलं तर कधी खळगा पडतो. सेरोमा एका जागी असतो. बऱ्याचदा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, किंवा ड्रेन (आतलं पाणी बाहेर काढायला ठेवलेली नळी) काढल्यानंतर, उतरत आलेली सूज एका ठिकाणी पुन्हा फुगते. कूस बदलली की आत काहीतरी डुचमळतं. एका बाजूला बोटाने हलकी टिचकी मारली तर दुसऱ्या बाजूला ठेवलेल्या हाताला लाट जाणवते, पाण्याने भरलेल्या पिशवीवर जाणवते तशी.

रोज सकाळी पट्टा काढल्यावर त्याच जागी टेपने माप घ्या आणि वहीत लिहून ठेवा. रोज दहा वेळा चाचपून पाहू नका. लाट जाणवली, माप वाढत चाललं किंवा दोन बाजूंत स्पष्ट फरक दिसला तर दाखवायची वेळ झाली.

आणखी एक, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून उत्तर मागू नका. फोटोत रंग दिसतो, जखम दिसते. आत पाणी आहे की नाही ते हात लावल्याशिवाय किंवा सोनोग्राफी केल्याशिवाय सांगता येत नाही, आणि कुणी फोटोवरून छातीठोक सांगत असेल तर त्यावर विसंबू नका.

४. चरबी काढली आणि वजनकाट्यावर २-३ किलो वाढले! पैसे पाण्यात गेले का?

सलाईन, आत सोडलेला द्रव आणि सूज यांचं ते वजन आहे. काही दिवसांत लघवीवाटे उतरतं. महिनाभर काटा कपाटावर ठेवा. खरा आकार ३ ते ६ महिन्यांनी कळतो.

५. विचारायला लाज वाटते, पण पोटाचं लायपो केलं आणि सूज खाली लघवीच्या जागी उतरली आहे. असं होतं का?

होतं, आणि बाई-पुरुष दोघांनाही होतं. पाणी उताराकडे जातं: पोटाचं जांघेत आणि गुप्तांगावर, मांडीचं घोट्यावर, दंडाचं कोपरापाशी. काळं-निळंही पडतं. ऑपरेशनआधी कुणी सांगितलेलं नसलं की माणूस हादरतो आणि लाजेपोटी दोन दिवस गप्प बसतो. पहिल्या आठवड्यात येऊन आठ-दहा दिवसांत उतरत असेल तर काळजी नको. झोपताना उशी घेऊन पाय थोडे वर ठेवा. लघवी अडली, एकाच बाजूला टणक गोळा झाला किंवा कातडी लाल होऊन दुखायला लागली तर मात्र लगेच दाखवा. एकाच पायाची पोटरी सुजणं ही वेगळी गोष्ट आहे, त्यासाठी प्रश्न १९ पाहा.

६. पट्टा किती दिवस आणि किती तास घालायचा?

बहुतेक सर्जन पहिले २-३ आठवडे जवळजवळ दिवसरात्र आणि पुढे एकूण ४ ते ६ आठवड्यांपर्यंत दिवसाचे काही तास सांगतात. कातडी खाली चिकटून बसावी, पोकळी मिटावी, हा त्याचा उपयोग. तास-अर्ध्या तासाच्या फरकाला भिऊ नका; आंघोळीपुरता काढला म्हणून पाणी भरत नाही.

अति घट्ट पट्टा जास्त चांगला, हा समज चुकीचा. पट्टा काढल्यावर शिवणीची फिकट रेघ दिसली तर ठीक. खोल खाच, फोड, जांभळी पट्टी किंवा बधिरपणा असेल तर तो फार आवळतो आहे. बसल्यावर पोटाच्या घडीत पट्टा गोळा होतो आणि त्या घडीच्या खालीवर पाणी अडतं. बसताना तो सरळ ओढून घ्यायची सवय लावा. सूज उतरली की पट्टा सैल होतो, तेव्हा हूक आत घ्या किंवा लहान मापाचा आणा.

पहिल्यांदा पट्टा काढताना काही जणांना चक्कर येते, कारण इतका वेळ दाबून ठेवलेला भाग एकदम मोकळा होतो. काहीतरी खाऊन घ्या, स्टुलावर बसून काढा, घरातलं कुणीतरी दाराशी असू द्या आणि न्हाणीघराची कडी लावू नका.

७. आमच्या हवेत पट्टा घालून घामाने जीव जातो. पुरळ उठलंय, आणि पावसात तो वाळतही नाही.

हा प्रश्न मुंबईच्या छापील सूचनापत्रात सहसा नसतो आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो. पट्टे दोन घ्या, एक अंगावर आणि एक वाळत. धुतल्यावर पिळू नका, जाड पंच्यात गुंडाळून दाबा, मग पंख्याखाली टांगा. चुलीवर किंवा इस्त्रीने वाळवला तर त्याचा ताण जातो आणि मग तो नुसता कपडा उरतो. किंचित ओलसर पट्टा "अंगावर वाळेल" म्हणून कधीच घालू नका. जांघेत आणि स्तनांखाली गजकर्ण होतो तो त्यामुळेच.

पट्ट्याच्या आत पातळ सुती बनियन घाला, त्यावर चुणी पडू देऊ नका. दुपारी दहा-पंधरा मिनिटं पट्टा सोडून, अंग टिपून, पंख्याखाली पडून राहायला सर्जनची हरकत आहे का, ते विचारा, बहुधा नसते. पावडर छिद्रांजवळ नको. घामोळं असेल तर आपोआप बसतं. पण गोल, खाजरी, कडा उठलेले चट्टे असतील तर डॉक्टरांना दाखवा. दुकानातून आणलेली, स्टेरॉइड मिसळलेली 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब लावू नका, गजकर्ण तिने पसरतो.

८. ड्रेनची नळी लावूनच घरी पाठवलंय. ती कशी सांभाळायची?

सगळ्यांना ड्रेन लागत नाही. पोटाची लोंबणारी कातडीही कापली असेल तर मात्र बऱ्याचदा असतो. नळीच्या टोकाला मुठीत मावणारा प्लास्टिकचा गोळा असतो. तो चेपलेला असतानाच आतून पाणी ओढतो. टम्म फुगलेला गोळा नुसताच लटकतो, काम करत नाही.

रिकामा करताना आधी साबणाने हात धुवा. झाकण उघडा, द्रव मापाच्या भांड्यात ओता, गोळा पूर्ण चेपा आणि चेपलेला असतानाच झाकण लावा. किती मिली, रंग कोणता, किती वाजता, हे लिहा. लाल, मग गुलाबी, मग पिवळसर, असा रंग उतरत जायला हवा. गोळा जखमेच्या पातळीपेक्षा खाली राहील असा पट्ट्याला पिनने अडकवा. पिन गोळ्याच्या कडीतून जाऊ दे, नळीतून नको. पावसाळ्यात संध्याकाळी वीज जाते, म्हणून हे काम उजेडातच उरका.

२४ तासांत साधारण २५-३० मिलीपेक्षा कमी, असं लागोपाठ दोन दिवस झालं की सर्जन बहुधा ड्रेन काढतात. चेपल्याबरोबर गोळा पुन्हा फुगतो, किंवा पाणी एकदम थांबून पोट फुगायला लागतं, या दोन्ही वेळी फोन करा. पहिल्यात कुठूनतरी हवा शिरते आहे, दुसऱ्यात नळी तुंबली असावी.

९. सुईने पाणी काढतात म्हणजे काय करतात? फार दुखतं का?

लोकांना वाटतं तेवढं नाही. लायपोनंतर ती कातडी काही आठवडे बधिर असते, त्यामुळे टोचलेलं जेमतेम कळतं. लागलं तर भूल देणारं छोटं इंजेक्शन देतात. तुम्हाला आडवं करून जागा बीटाडिनने पुसतात. डॉक्टर एका हाताने पाणी एका बाजूला गोळा करून धरतात आणि दुसऱ्या हाताने सुई घालून मोठी सिरिंज सावकाश ओढतात. गवती चहाच्या काढ्याच्या रंगाचं, स्वच्छ पाणी येतं. सिरिंज भरली की बदलतात, सुई तिथेच राहते. फुगवटा तुमच्यादेखत बसतो. मग त्या जागी फोमचा किंवा गॉजचा जाड पॅड ठेवून वरून पट्टा चढवतात.

ही सगळी गंमत दहा मिनिटांची. पुढचे काही दिवस पॅड हलू देऊ नका, खरं काम तोच करतो.

१०. एकदा काढलं तरी पुन्हा भरलं. डॉक्टरांचं चुकलं का?

नाही. तीन ते सात दिवसांनी पुन्हा पाहावं लागतं आणि काही जणांचं तीन-चार वेळा काढावं लागतं. आकडा उतरतो आहे का, ते पाहा. समजा आधी ८० मिली, मग ४०, मग १५, तर गाडी रुळावर आहे. आकडा तिथेच अडला किंवा वाढला, पाणी गढूळ झालं, वास आला, तर सोनोग्राफी आणि पाण्याची कल्चर तपासणी (त्यात कोणते जंतू आहेत ते पाहणारी) लागते. महिने उलटल्यावरही भरत असेल तर प्रश्न २० पाहा.

११. ऑपरेशन मुंबईला झालं, मी देवगडला. इथले डॉक्टर पाणी काढून देतील का, की दर वेळी मुंबई गाठायची?

साधा सेरोमा कुठलाही जनरल सर्जन काढू शकतो. अडचण कौशल्याची नसते. दुसऱ्याने केलेल्या ऑपरेशनची काहीच माहिती नसताना सुई घालायला कोणताही शहाणा डॉक्टर कचरतो, आणि ते योग्यच आहे. म्हणून ही तजवीज ऑपरेशनआधी करा. मुंबईच्या सर्जनना विचारा, "गावी पाणी भरलं तर कुणाला दाखवू? तुम्ही त्यांच्याशी बोलाल का?" या प्रश्नाला जे उडवून लावतात त्यांच्याकडे ऑपरेशन करावं का, याचाच मी फेरविचार करीन. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच., डी.एन.बी. किंवा डीआर.एन.बी. पदवी आहे ना, हेही त्याच वेळी बघून घ्या.

निघताना डिस्चार्ज कार्डावर हे सगळं हवं: कोणत्या भागातून किती चरबी काढली, किती द्रव आत सोडला, ड्रेन होता का, कोणती औषधं चालू आहेत, कशाची अ‍ॅलर्जी आहे, आणि सर्जनचा थेट नंबर. रिसेप्शनचा नंबर रात्री अकराला कामाचा नाही.

इथे दाखवायचं ते जिथे सर्जन आणि सोनोग्राफी दोन्ही एका ठिकाणी आहेत तिथे: रत्नागिरी किंवा ओरोसचं सरकारी रुग्णालय, चिपळूणकडच्यांना डेरवणचं वालावलकर रुग्णालय. सावंतवाडी-दोडामार्गचे लोक गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला जातात. आधी फोन करून सर्जन आहेत का ते विचारा, नाहीतर फेरी फुकट.

१२. आमचे शेजारी कंपाउंडर आहेत. ते घरीच सिरिंजने काढतो म्हणतात.

नको. स्वच्छ सेरोमात जंतू शिरले की तो पूचा साठा होतो, मग चीर देऊन धुवावा लागतो. शिवाय सुई किती खोल जाते याचा अंदाज चुकला तर पोटात आतडं आहे आणि छातीत फुप्फुस.

छिद्रातून दाबून पाणी काढणंही याच प्रकारात मोडतं. आपणहून येतं ते येऊ द्या, पिळू नका.

१३. शेक द्यायचा का? आजी निर्गुडीचा पाला बांधायला सांगते.

आजीची माया खरी, पण इथे शेक नको. कातडी बधिर असते आणि गरम पाण्याची पिशवी चटका देते ते तुम्हाला कळतच नाही. कळतं ते फोड आल्यावर. बर्फाचंही तेच. पाला, हळद, लेप, ओल्या छिद्रांवर खोबरेल, यातलं काहीही जखमा पूर्ण मिटेपर्यंत नको. शिवाय यांपैकी कशानेही आत साठलेलं पाणी ओढलं जात नाही.

१४. लिम्फॅटिक मसाजने सेरोमा जातो का?

सूज आणि ताठरपणा कमी वाटायला मदत होते, सेरोमा जात नाही. हा मसाज फार हलक्या हाताचा असतो, कातडी फक्त सरकते. करताना डोळ्यांत पाणी येत असेल तर तो मसाज नव्हे, मारहाण आहे. सर्जनने परवानगी दिल्यावर, शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडूनच करून घ्या. लाली, ताप, किंवा पोटरीत दुखणं असेल तर अजिबात नाही.

१५. पाणी कमी प्यायलं तर आत कमी भरेल ना? आणि मासे चालतील का?

पिण्याचं पाणी आणि सेरोमातलं पाणी यांचा तसा संबंध नाही. उलट पाणी कमी पडलं तर चक्कर येते आणि रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. पाणी, पेज, कोकम सरबत घ्या, फक्त सरबतात मीठ बेताचं. शहाळं चांगलं, पण मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्यातल्या पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच.

ताजे मासे जरूर खा. जखम भरायला प्रथिनं लागतात. शाकाहारी असाल तर कुळथाची पिठी, डाळी, दही. सांभाळायचं ते मीठ: सुका बांगडा, सुकट, सोडे, मिठातली कैरी, फणसाचे पापड. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते आणि सुक्या मासळीच्या एका जेवणात त्यातला मोठा वाटा संपतो. मिठाने अंगावरची सूज रेंगाळते. सेरोमा मिठामुळे होत नाही, पण सूज असली की तो ओळखणं अवघड जातं. दारू निदान जखमा भरेपर्यंत बंद.

१६. लघवी होणारी गोळी किंवा अँटिबायोटिक घेतलं तर सुईची वेळ टळेल का?

नाही. लघवीची गोळी रक्तातलं पाणी आणि क्षार कमी करते, पोकळीतला साठा तसाच राहतो. साध्या सेरोमाला अँटिबायोटिक लागत नाही. ते जंतुसंसर्ग असेल तर, आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. दुखण्यासाठी मेडिकलमधून परस्पर अ‍ॅस्पिरिनही घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. पण हृदयासाठी आधीपासून चालू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

१७. आई मिश्री लावते. सिगारेट नाही, मग चालेल ना?

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरडीतून निकोटिन थेट रक्तात जातं, रक्तवाहिन्या आकसतात, जखम उशिरा भरते. डॉक्टर "स्मोकिंग करता का?" विचारतात, आई "नाही" म्हणते आणि दोघंही आपापल्या जागी खरे. ऑपरेशनआधी आणि नंतर निदान चार-चार आठवडे मिश्री, तपकीर, गुटखा सगळं बंद. आणि डॉक्टरांना आपणहून सांगा.

१८. ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांतच गणपती आहेत. गावी जाऊ का? आणि पाण्यात कधी उतरता येईल?

जायचं की नाही ते सर्जन ठरवतील. जायचंच असेल तर शक्यतो रेल्वेने, खालच्या बर्थवर. गाडीत उठून डब्यात चालता येतं. महामार्गाने जात असाल तर तासा-दीड तासाने थांबून पाच मिनिटं चाला, बसल्या जागी पावलं वरखाली हलवत राहा, पट्टा काढू नका. मुंबई ते सावंतवाडी म्हणजे जवळजवळ ५०० किलोमीटर, गणपतीच्या गर्दीत अख्खा दिवस जातो, आणि तेवढा वेळ पाय लोंबकळत बसणं गुठळीला आमंत्रण. गावी पोचल्यावर आरतीला उभं राहा, नैवेद्य खा. मखर उचलणं, विहिरीचं पाणी ओढणं, बाल्या नाच आणि विसर्जनाला पाण्यात उतरणं दुसऱ्यांवर सोपवा.

समुद्र, खाडी, नदी, विहीर हे सगळं छिद्रं पूर्ण मिटून खपल्या पडेपर्यंत बंद. बहुधा तीन-चार आठवडे. खाडीच्या कोमट मचूळ पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू असतात, उघड्या जखमेतून ते शिरले तर आजार फार वेगाने वाढतो. मधुमेह किंवा लिव्हरचा आजार असणाऱ्यांनी तर याबाबत अजिबात धोका पत्करू नये. लावणीच्या चिखलात लेप्टोची भीती. उंदरा-गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हे जंतू कातडीवरच्या लहानशा चिरेतूनही आत जातात. या हंगामात तुमच्या वाटणीची लावणी दुसऱ्या कुणाला करू द्या.

१९. कोणत्या लक्षणांत थांबायचंच नाही? पावसात ताप तर सगळ्यांनाच येतो.

येतो, म्हणूनच फसगत होते. १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर ताप गेला तर मलेरिया, डेंग्यू, लेप्टोच्या तपासण्या करा, पण त्याच भेटीत जखम उघडून दाखवा आणि ऑपरेशन झाल्याचं सांगा. जागा लाल, गरम, ठणकणारी झाली, पू किंवा दुर्गंध आला तर त्याच दिवशी दाखवा.

पुढच्या बाबतीत १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात जा:

दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखणं, तासातासाला पसरणारी लाली, काळी-निळी पडणारी कातडी, फोड, राखाडी घाण पाणी. हा कातडीखाली वेगाने पसरणारा संसर्ग असू शकतो, त्यात तास मोजावे लागतात.

एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप, छातीत कळ, रक्ताची थुंकी. हे गुठळीचं लक्षण.

पहिल्या दोन-तीन दिवसांत धाप, गोंधळल्यासारखं बोलणं, छातीवर-काखेत बारीक लाल ठिपके. चरबीचे कण रक्तात गेल्याची ही शंका.

पोट दगडासारखं, उलट्या, वाढत जाणारी कळ. आतड्याला इजा झाली असू शकते.

पहिल्या २४ तासांत ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात आवाज, झटके. बधिर करणाऱ्या औषधाची मात्रा अंगावर आल्याचं हे लक्षण.

२०. तीन महिने झाले तरी एक गाठ आहे. पाणीच आहे का अजून?

दोन शक्यता. कडक, खडबडीत, न हलणारी, लाट न जाणवणारी गाठ असेल तर ती बहुधा भरून येणाऱ्या जखमेची आतली घट्ट ऊती. ती ३ ते ६ महिन्यांत मऊ पडत जाते. दुसरी म्हणजे जुना सेरोमा. फार दिवस राहिलेल्या पाण्याभोवती शरीर जाड पिशवी तयार करतं, मग कितीही वेळा काढा, ते भरतंच. अशा वेळी ड्रेन घालणं, आतले पदर चिकटावेत म्हणून पिशवीत डॉक्सीसायक्लिनसारखं औषध सोडणं, किंवा पिशवीच काढून टाकणं, हे पर्याय आहेत. यासाठी मात्र प्लास्टिक सर्जनकडेच जा. फरक सोनोग्राफीत लगेच कळतो, तेव्हा महिनोन्महिने तर्क करत बसू नका.

२१. मी पुरुष आहे, छातीचं लायपो केलं. होडीवर कधी जाऊ?

छातीतली गाठही (स्तनाची ग्रंथी) काढली असेल तर तिथे पोकळी राहते आणि सेरोमा होऊ शकतो. घट्ट बंडी, माप, सुई, सगळं वरच्यासारखंच. जाळी ओढताना छातीचे स्नायू सतत घासले जातात आणि मिटत आलेली पोकळी पुन्हा सुटते. ४ ते ६ आठवडे जाळी नाही. किनाऱ्यावर मासळी निवडणं, हिशेब ठेवणं आधी चालेल.

२२. घरी कुणालाच सांगितलेलं नाही. चालेल ना?

कुणाला सांगायचं तो तुमचा प्रश्न. पण ज्याला रात्री उठवता येईल असा एक तरी माणूस हवा. मैत्रीण, भाऊ, शेजारची ताई, कुणीही. त्याच्या हाती डिस्चार्ज कार्डाचा फोटो आणि प्रश्न १९ मधली यादी द्या. खर्चाचंही आधीच बघून ठेवा, कारण सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आणि तिच्यातून उद्भवलेला त्रास बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत बसत नाही. सुया आणि सोनोग्राफीचे पैसे खिशातूनच जातात.

२३. दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी केली, त्यात 'मिनिमल कलेक्शन' लिहून आलंय. मला तर काहीच त्रास नाही.

मग बहुधा काहीच करायचं नाही. लायपोनंतरच्या आठवड्यांत पाण्याचा पातळ थर दिसणं नवल नव्हे. ताप नाही, लाली नाही, माप वाढत नाही, तर सर्जन दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायला सांगतील. लहान साठ्यात उगाच सुई घातली तर फायद्यापेक्षा जंतू शिरण्याची जोखीम जास्त. रिपोर्ट सर्जनना पाठवा, तारखेसह जपून ठेवा, आणि पुढची सोनोग्राफी जमलं तर त्याच केंद्रात करा, म्हणजे दोन्ही मापं ताडून पाहता येतील.